जुन्या लाकडी होडीचा कणा: दुरुस्तीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कण्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी. कुजका भाग नजरेला पडलेला असतो, करवत हाताशी असते आणि कापायची घाई असते. दोन महिन्यांनी नवा कणा तयार होतो. रंधा सुरेख मारलेला, कडा सरळ, आणि तो जागेवर बसत नाही. मधल्या काळात होडी दोन बोटं फाकलेली असते, नाहीतर तिची टोकं खाली आलेली असतात. चूक लाकडात नसते, क्रमात असते. म्हणून या लेखात कापण्यापेक्षा कापण्याआधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

हे सगळं फळ्या आणि बरगड्यांच्या, साधारण ५ ते १० मीटर लांबीच्या होडीसाठी आहे. काही शब्द आधी ठरवून घेऊ. तळाशी लांबीभर जाणारं जाड लाकूड म्हणजे कणा. पुढे त्याला नाळेचा खांब जोडलेला असतो आणि मागे सुकाणूचा खांब. कण्याच्या दोन्ही बाजूंना लांबीभर कोरलेली खाच असते आणि तिच्यात फळ्यांची पहिली जोडी बसते. त्या जोडीला मी ‘लगतच्या फळ्या’ म्हणणार आहे.

१. होडी नीट उभी करा

कण्याखाली दर मीटर-सव्वा मीटरला भक्कम ठोकळे हवेत. वजन या ठोकळ्यांवरच असलं पाहिजे. बाजूचे धिरे फक्त होडी कलू नये म्हणून असतात. बरेच जण उलटं करतात: खाली दोन ठोकळे आणि बाजूला आठ धिरे कचकचून आवळलेले. त्यामुळे धिऱ्यांच्या जागी फळ्या आत दबतात, बरगड्यांना चिरा जातात आणि कणा मध्ये लोंबतो.

ठोकळ्यांखालची जमीन पावसात बसणारी असेल तर आधी जाड फळ्या किंवा लोखंडी पत्रे अंथरा. समोरासमोरचे धिरे होडीच्या खालून साखळीनं एकमेकांना बांधा, म्हणजे पाय सरकणार नाहीत. प्रत्येक ठोकळ्यावर पाचरींची जोडी ठेवा. पुढे उंची कमी-जास्त करायची वेळ हमखास येते, आणि पाचर नसेल तर तेव्हा जॅक घेऊन धावपळ होते.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेली होडी उघड्यावर ठेवली की काही आठवड्यांत फळ्यांमधून उजेड दिसायला लागतो. वर छप्पर हवं, बाजूंना ओली पोती हवीत आणि आत अधूनमधून खाऱ्या पाण्याचा शिडकावा हवा. पाणी खारंच घ्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, मिठाचं मानवत नाही.

तपासा: पुढे जाण्याआधी प्रत्येक ठोकळ्याच्या पाचरीवर हातोडीनं हलकेच टकटक करा. एखादी सैल वाजली तर तिथे कणा टेकलेला नाही.

२. आकार कागदावर उतरवा

कण्याच्या खालच्या बाजूला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बारीक नायलॉनची दोरी ताणून बांधा. दोन्ही टोकांना सारख्या जाडीच्या चकत्या ठेवा, म्हणजे दोरी मध्ये कुठे घासणार नाही. मग प्रत्येक बरगडीपाशी दोरी आणि कणा यांमधलं अंतर मोजा, त्यातून चकतीची जाडी वजा करा आणि लिहून ठेवा. दोरीलाही थोडा झोळ असतो. लांब होडी असेल तर मध्ये एक आधार द्या किंवा लेझरची रेघ वापरा.

जुन्या होड्यांची टोकं खाली वाकलेली आणि मधला भाग वर उचललेला असतो, कारण मध्ये पाणी जास्त उचलून धरतं आणि टोकांना तेवढा आधार मिळत नाही. मात्र काही होड्यांचा कणा मुळातच खाली गोलाई दिलेला असतो. अशा होडीचा कणा आज तंतोतंत सरळ दिसत असेल तर तीही बिघाडाचीच खूण आहे. मूळ आकार काय होता हे कळल्याशिवाय ‘सरळ करणं’ सुरू करू नका. आराखडा नसेल तर नाळेच्या आणि सुकाणूच्या खांबांचे कोन, आतल्या तळफळ्यांची बैठक आणि लगतच्या फळ्यांच्या कडा यांवरून अंदाज येतो. वरच्या काठाची रेघ लांबून, डोळा बारीक करून पाहा. ती एखाद्या जागी अचानक मोडल्यासारखी दिसते का? तशी दिसली तर कण्याचा वाकही तिथेच सापडतो.

यानंतर आडवी मापं. दर दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीपाशी काठापासून काठापर्यंतची रुंदी आणि कण्याच्या माथ्यापर्यंतची खोली घ्या. तिथेच आतून आडव्या पट्ट्या ठोका आणि बरगड्यांच्या खालच्या टोकांना एकमेकांशी जखडणारे प्लायवूडचे साचे बसवा. कणा निघाल्यावर होडीला धरून ठेवणारं हेच काय ते शिल्लक राहतं.

मी एकदा हा भाग उरकून टाकला होता. दोन आडव्या पट्ट्या मारल्या आणि एकाच दिवसात दोन्हीकडच्या लगतच्या फळ्या काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एक धिरा जमिनीवर आडवा पडलेला दिसला. कुणी पाडला असेल म्हणून उचलून लावायला गेलो, तर तो पुरेना. होडीचं पोट २० मिलिमीटर आत गेलं होतं आणि खाली बरगड्यांची टोकं तेवढीच फाकली होती. ती परत जागी आणायला कापण्या-जोडण्याच्या सगळ्या कामापेक्षा जास्त दिवस गेले.

३. वाक काढायचा असेल तर आता, आणि सावकाश

नवा कणा बसवल्यावर वाक निघत नाही, नव्या कण्यासकट तो कायम होतो. म्हणून वाक काढायचं काम इथेच, तिसऱ्या टप्प्यावर.

टोकांचे ठोकळे घट्ट ठेवून मधल्या पाचरी एका वेळी २-३ मिलिमीटर सैल करायच्या आणि होडीच्या स्वतःच्या वजनाला काम करू द्यायचं. चार-पाच दिवस थांबायचं, दोरीवरून माप घ्यायचं, पुन्हा थोडं सैल करायचं. आत मधोमध रेतीची पोती ठेवली तर मदत होते. लगतच्या फळ्यांचे स्क्रू आधी सैल केले नाहीत तर मात्र काहीच हलत नाही, कारण वाकलेल्या आकाराला त्याच फळ्या कुलूप लावून बसलेल्या असतात.

इशारा: जॅक लावून एका दिवसात वाक काढू नका. लाकूड वाकायला वेळ घेतं, मोडायला घेत नाही. बरगड्या बहुधा वळणाशी मोडतात आणि तो आवाज होडीच्या आत असणाऱ्यालाच ऐकू येतो.

४० मिलिमीटर वाक असेल तर तो पूर्ण निघेल ही आशा धरू नका. निम्म्याहून जास्त निघाला आणि महिनाभर तसाच राहिला तर मी तिथे थांबतो आणि नवा कणा त्या आकाराला धरून करतो. पुस्तकी सरळपणासाठी होडीच्या बाकीच्या सांध्यांवर ताण आणण्यात शहाणपण नाही.

४. कुठवर खराब आहे ते शोधा

कणा कुजतो तो बहुधा वरून आणि आतून. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही आणि कायम पाण्याखाली असलेल्या लाकडात तिला पुरेशी हवा मिळत नाही. त्यामुळे बाहेरून खणखणीत वाटणारा कणा आतून, जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे, भुसभुशीत निघतो. आधी तळफळ्या काढून आतला गाळ खरवडा, मग हातोडी घ्या.

हातोडी लहान हवी. चांगलं लाकूड टणटणीत वाजतं आणि हातोडी उसळते. कुजलेलं ‘धप्प’ करतं आणि हाताला काही परत देत नाही. जिथे शंका येईल तिथे टोचा दाबून पाहा: चांगल्या लाकडाची लांब सळी उचकटते, कुजक्याचा तुकडा कट्कन आडवा तुटतो. तरीही खात्री नसेल तर ५ मिलिमीटरचं गिरमीट घालून बाहेर येणारा भुसा हातावर घ्या. फिकट, कुरळा, चिवट असेल तर ठीक. काळपट, चुरा होणारा, मातकट वासाचा असेल तर आणखी पुढे शोधा. ही भोकं शेवटी खुंट्या ठोकून बुजवायची, विसरायची नाहीत.

चार जागा कधीच सोडू नका: नाळेशी आणि सुकाणूच्या खांबाशी असलेले सांधे, प्रत्येक बोल्टाभोवतीची चार बोटं जागा, डोलकाठीच्या बुंध्याखालचा भाग आणि इंजिन असेल तर त्याच्या खालचा तळ.

खाऱ्या पाण्यातल्या होडीत लाकूड पोखरणारे किडे वेगळे तपासावे लागतात. त्यातला लांब, किड्यासारखा दिसणारा प्राणी खरं तर शिंपल्यांच्या कुळातला आहे. तो लहान असतानाच आत शिरतो, त्यामुळे बाहेर टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं आणि आत बोटभर जाडीची बोगदी असतात, पांढऱ्या चुनखडीचं अस्तर लावलेली. करवतीला अशी पांढरी नळी लागली तर आणखी किमान हातभर पुढे कापून बघा.

आता बोल्ट. लोखंडी बोल्ट दोन्ही टोकांना धडधाकट दिसतो आणि बरोबर सांध्यावर, जिथे दोन लाकडं भेटतात, तिथे कमरेसारखा बारीक झालेला असतो. वरून पाहून काही कळत नाही. निदान दोन बोल्ट पूर्ण बाहेर काढा, एक सर्वांत ओल्या जागेचा आणि एक कोरड्या. दोन्ही खराब निघाले तर सगळेच बदलायचे असं समजून पुढचा हिशेब करा. होडीला खाली शिशाचं किंवा लोखंडाचं वजन लटकवलेलं असेल तर ते ज्या बोल्टांवर आहे त्यांच्या बाबतीत अंदाजाला जागाच नाही. आणि ते काढण्याआधी त्या वजनाला खालून आधार दिलाय ना, ते दोनदा पाहा.

निर्णयासाठी माझा आडाखा असा. खराबी जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी आणि बोल्टांपासून लांब असेल तर तेवढा भाग कोरून ठिगळ बसवतो. ती बोल्टांपर्यंत पोचली असेल तर तेवढ्या लांबीचा तुकडाच बदलतो. निम्म्याहून जास्त लांबी गेली असेल तर पूर्ण कणा. कुजक्या लाकडात पातळ रेझिन ओतून ते ‘दगडासारखं’ करण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. कण्यात तो करू नका. रेझिन वरच्या थरात मुरतं, खालची ओल आत कोंडली जाते आणि बुरशी निवांत काम चालू ठेवते. शिवाय त्या चिकट गोळ्यात बोल्ट पुढे कधीच नीट धरत नाही.

५. लाकूड

सागवान, पांढरा ओक आणि अशी घट्ट, तेलकट किंवा बंद नळ्यांची लाकडं कण्याला चालतात. लाल ओक चालत नाही. दिसायला भावासारखा असला तरी त्याच्या नळ्या उघड्या असतात. हातभर लांबीची, रेघेच्या (लाकडाच्या तंतूंच्या) दिशेनं कापलेली काडी घ्या, एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकानं फुंका. बुडबुडे आले तर ते लाकूड कण्यात पाणी पिणार.

जमलं तर होडीच्या मूळ कण्याच्याच जातीचं लाकूड घ्या, म्हणजे नवं-जुनं सारखं फुगतं. ओंडक्याच्या मधला गर तुकड्यात नको, कारण भेग तिथूनच सुरू होते. बाहेरचं पांढरट लाकूडही नको, ते आधी कुजतं. रेघ लांबीभर सरळ जाते का पाहा. सांध्याच्या आणि बोल्टांच्या जागी गाठ येऊ देऊ नका.

किती वाळलेलं हवं, यावर वाद होतात. कणा आयुष्यभर ओलाच राहणार असतो, त्यामुळे तो फर्निचरसारखा कोरडा नको. जास्त कोरडा बसवला तर पाण्यात फुगून खाचेतून फळ्यांना बाहेर रेटतो. हवेत, सावलीत वाळवलेलं, साधारण १५ ते १८ टक्के ओलीचं लाकूड उत्तम. मात्र सांधा इपॉक्सीनं चिकटवायचा असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास यावं लागतं, आणि उरलेला जुना कणा तेवढा कोरडा कधीच होत नाही. म्हणून जुन्या-नव्याच्या सांध्याला मी इपॉक्सी वापरत नाही, सांध्यात भरायचा, न कडकणारा लेप आणि बोल्ट वापरतो.

लाकूड आणल्याबरोबर दोन्ही टोकांना जाड रंग किंवा मेण लावा. एक दिवस उशीर झाला तरी टोकांना चिरा पडलेल्या दिसतात.

६. उघडणं

क्रम असा: खालची झिजपट्टी, मग एका बाजूची लगतची फळी, साच्यांची तपासणी, मग दुसरी बाजू, मग बरगड्या आणि कणा यांमधले बोल्ट, शेवटी कणा. प्रत्येक तुकड्यावर बाजू, क्रमांक आणि पुढचं टोक दाखवणारा बाण लिहा. खडूनं लिहू नका, पुसला जातो.

गंजलेले बोल्ट उपटायला गेलात तर बरगडीचं टोक फुटतं. सांध्यात पातळ पातं घालून बोल्ट तिथेच कापा आणि दोन तुकडे दोन दिशांनी ठोकून काढा.

इशारा: जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते आणि तळाच्या रंगात तांबं. कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, योग्य मास्क लावा, खरवड गोळा करून बंद डब्यात ठेवा, आणि त्या कपड्यांनी घरात जाऊ नका.

सगळ्यात जास्त पश्चात्ताप होणारी चूक इथेच होते: जुना कणा तुकडे करून फेकून देणं. तो कितीही कुजका असला तरी शेवटचा बोल्ट बसेपर्यंत जपून ठेवा. खाचेचा कोन, बोल्टांची जागा, सांध्यांची लांबी, सगळं त्याच्यावर लिहिलेलं आहे.

७. सांधा कापणं

नवा तुकडा जुन्या कण्याला लांब, तिरक्या सांध्यानं जोडायचा. उतार किमान १ ला ८. म्हणजे कणा १२० मिलिमीटर उंच असेल तर सांधा ९६० मिलिमीटर लांब. इतकं लाकूड ‘वाया’ जाताना जीव खालीवर होतो आणि माणसं ४०० मिलिमीटरवर भागवतात. असा आखूड सांधा पहिल्याच खडबडीत पाण्यात उघडतो.

दोन्ही टोकं सुरीच्या धारेसारखी पातळ करू नका. पातळ टोकात बोल्ट बसत नाही आणि ते कुरतडलं जातं. उंचीच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाएवढं, १५ मिलिमीटरच्या आसपास, उभं टोक ठेवा आणि समोरच्या लाकडात त्याच मापाची पायरी कापा.

दिशा महत्त्वाची आहे. खालच्या बाजूला दिसणारी सांध्याची रेघ मागे, सुकाणूकडे उघडली पाहिजे, माशाच्या खवल्यांसारखी. उलट ठेवली तर होडी तळाला घासली की सांध्याचं ओठ उचकटतं. सांधा डोलकाठीच्या बुंध्याखाली किंवा इंजिनाखाली नको. लगतच्या फळीचा जोडही त्याच जागी नको.

आता क्रम. आधी होडीतल्या जुन्या कण्यावरचा उतार कापा. तिथे तुम्ही अवघडून, उलटं वाकून काम करत असता, त्यामुळे थोडी चूक होणारच. ती पातळ प्लायवूडच्या फर्म्यावर उतरवा आणि त्या फर्म्यावरून नवा तुकडा बाकावर, आरामात कापा. दोन्ही बाजू कागदावरच्या मापानं वेगवेगळ्या कापल्या तर कधीच जुळत नाहीत.

रेघेच्या बाहेर २-३ मिलिमीटर ठेवून कापा, मग रंध्यानं आणि पटाशीनं उतरवा. जुन्या पृष्ठभागावर नीळ चोळा, नवा तुकडा टेकवा, मागून मोगरीचा एक ठोका द्या, उचला. निळे डाग म्हणजे उंचवटे, तेवढेच छाटा. पहिल्या वेळी तीन-चार ठिपके दिसतील. आठव्या-दहाव्या वेळी सगळा उतार निळसर दिसायला लागेल. सहाव्या वेळी ‘चालेल’ म्हणावंसं वाटतं. तेव्हा चहा प्या आणि परत या.

शेवटची एक युक्ती. तुकडे क्लॅम्पनं घट्ट दाबून टोकाच्या उभ्या सांध्यातून बारीक करवत एकदा फिरवा. दोन्हीकडचं सारखं लाकूड निघतं. क्लॅम्प सैल करा, तुकडा मोगरीनं पुढे सारा, पुन्हा दाबा. रेघ केसाएवढी होते.

तपासा: ओळंबा आणि दोरी दोन्ही पुन्हा लावा. सांधा सुंदर जुळला पण नवं टोक १० मिलिमीटर डावीकडे गेलं, असं होतं. बोल्टांची भोकं पडण्याआधी हे कळलेलं बरं.

८. खाच

खाचेचा कोन कण्याच्या लांबीभर एकसारखा नसतो. मध्ये फळी आडवी येते, टोकांकडे उभी होत जाते. दर बरगडीपाशी तिरक्या गुण्यानं कोन घ्या, जुन्या कण्याशी ताडून पाहा, आणि त्या त्या जागी आधी दोन बोटं रुंदीची पूर्ण खाच कोरा. मग मधला भाग एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत पटाशीनं जोडत जा. तपासायला फळीच्याच जाडीचा, टोक काटकोनात कापलेला हातभर तुकडा हाताशी ठेवा. तो खाचेत टेकवला की तळाशी आणि कडेला एकदमच बसला पाहिजे, आणि बाहेरच्या बाजूला बारीक फट राहिली पाहिजे, सूत (फटी बंद करायला ठासायची कापसाची वात) भरायला.

खाच थोडी कमीच कोरा. फळी बसवताना आणखी छाटता येते. जास्त खोल गेली तर भरून काढायचा सभ्य मार्ग नाही.

९. जोडणी

आधी सगळं कोरडं जोडा. भोकं पाडा, बोल्ट घाला, आवळा, बघा, परत सोडा. लेप लावल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

बोल्ट एका रेघेत नकोत, आलटून पालटून मध्यापासून डावी-उजवीकडे ठेवा. एका रेघेतल्या भोकांनी लाकूड टपाल तिकिटांसारखं फाटतं. १२ मिलिमीटरच्या बोल्टाला १२चंच भोक, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी जाईल असं. लांब गिरमीट लाकडाच्या रेघेबरोबर भरकटतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर त्याच खोलीचं भोक पाडून पाहा.

धातू सगळीकडे एकच ठेवा. सिलिकॉन ब्राँझ उत्तम. गरम जस्तात बुडवलेलं पोलाद स्वस्त आणि ठीक, मात्र काही वर्षांनी बदलावं लागतं. पितळ नको: खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर, चुरा होणारा सांगाडा उरतो. स्टेनलेसचा मोह सगळ्यांना होतो. पण ओल्या लाकडात, जिथे हवा पोचत नाही, तिथे त्याच्यावरचा संरक्षक थर टिकत नाही आणि तो आतून पोखरला जातो. ब्राँझच्या शेजारी लोखंड ठेवलं तर लोखंड जातं आणि त्याच्याभोवतीचं लाकूडही काळं पडतं. त्यावर उपाय म्हणून खाली जस्ताचे, म्हणजे आधी स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे, ठोकळे वारेमाप लावू नका. त्यांच्या अतिरेकानं धातूच्या फिटिंगभोवती क्षार तयार होतो आणि लाकूड पांढरं, केसाळ होत जातं.

सांध्याच्या दोन्ही उतारांना, भोकांच्या आत आणि विशेषतः उघड्या टोकांना लाकूड-रक्षक द्या, वाळू द्या, मग लेप. जुने सुतार शेंदूर आणि बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) वापरत. शेंदूर म्हणजे शिसंच, त्यामुळे आता शिसं नसलेला, न कडकणारा लेप घ्या. दोन्ही बाजूंना सढळ लावा. बोल्ट आवळताना सगळ्या कडांनी तो बाहेर आला पाहिजे. जिथे आला नाही तिथे पोकळी आहे. बोल्टाच्या डोक्याखाली लेपात भिजवलेल्या सुताचं वेटोळं द्या आणि नटाखाली मोठी चकती.

इशारा: बेलतेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता ती खुंटी, जी निम्मे लोक विसरतात आणि उरलेल्यांतले निम्मे चुकीच्या जागी घालतात. सांध्याची तिरकी रेघ खाचेला जिथे ओलांडते, तिथे पाण्याला होडीत यायला सरळ वाट असते: सांध्यात शिरायचं, खाचेच्या मागून वर चढायचं, आत उतरायचं. फळ्यांमध्ये कितीही सूत भरलं तरी ही वाट बंद होत नाही. म्हणून बोल्ट आवळून झाल्यावर, बरोबर त्या छेदावर, सांध्याच्या रेघेवर मध्य धरून, कण्यातून आरपार १० ते १२ मिलिमीटरचं आडवं भोक पाडायचं आणि त्यात पाइनसारख्या मऊ, अगदी कोरड्या लाकडाची खुंटी ठोकायची. गोंद नाही, रंग नाही, काही नाही. पाणी लागलं की ती फुगते आणि वाट बंद करते.

जागा अशी हवी की फळीच्या कडेला भरलेलं सूत खुंटीच्या तोंडावरून जाईल. खुंटी खाचेच्या बाहेर, नुसत्या कण्यात घातली तर पाणी तिच्या मागून येतं. फार आत घातली तर सूत आणि खुंटी यांच्यामधून येतं. माझी पहिली खुंटी एका बोटानं बाहेर पडली होती. पूर्ण हंगाम सूत उपसून पुन्हा भरत राहिलो आणि गळती तिथेच.

१०. फळ्या आणि सूत

लगतच्या फळ्या चांगल्या असतील तर त्याच परत लावा, जुनी स्क्रूची भोकं खुंट्यांनी बुजवून नवी शेजारी पाडा. कडा फुटलेल्या असतील तर नव्या करा. जुन्या फळीच्या कडेला पट्टी चिकटवून रुंदी वाढवण्याचा प्रकार टिकत नाही.

सूत भरताना हात आवरा. कोरड्या होडीच्या फटी मोठ्या दिसतात आणि त्या पूर्ण ठासून भरायचा मोह होतो. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, सुताला जायला जागा नसते, मग फळ्या बरगड्यांपासून सुटतात किंवा खाचेची कड फुटते. सूत फटीच्या तळाशी घट्ट बसावं, आरपार जाऊ नये, आणि वर लांबीला (फट बुजवायच्या पुटीला) जागा राहावी. ती लांबीही मऊच हवी, पिळली गेली की बाहेर येणारी.

११. पाण्यात

पहिल्या रात्री होडी मोकळी सोडू नका. पट्ट्यांत लटकलेली, अर्धं वजन क्रेनवर, अशी ठेवा. पंप दोन हवेत आणि दुसऱ्याची बॅटरी वेगळी. पाणी येणार, घाबरू नका. पहिल्या काही तासांत कुठून येतं हे बघण्यात वेळ घाला. फळ्यांच्या फटींतून येणारं पाणी दिवसागणिक कमी होतं. सांध्याच्या टोकाशी किंवा बोल्टाच्या चकतीखालून येणारं तिसऱ्या दिवशीही तेवढंच असेल, तर होडी पुन्हा वर घ्यायची तयारी करा. आतून लेप चोपडून ते थांबत नाही.

पंधरा दिवसांनी सगळे नट पाव-पाव फेऱ्यानं तपासा. चकती लाकडात रुतायला लागली की थांबा. आणि दुसऱ्या टप्प्यातला तो कागद जपून ठेवा: पुढच्या वेळी होडी वर आली की पहिल्यांदा तीच दोरी, त्याच बरगड्यांपाशी, आणि नवी मापं जुन्यांच्या शेजारी.